राबणाऱ्या शरीराचं धावणं

‘दिवसभर अंगमेहनत करतोस, तुला आणखी वेगळा व्यायाम कशाला हवा?’ हा प्रश्न आपल्याकडे अगदी सहज विचारला जातो. नेमका उलट सल्लाही तितक्याच सहज दिला जातो : ‘कष्टाचं शरीर आहे तुझं, मॅरेथॉन तर तू हसत मारशील. रोज पहाटे पंधरा किलोमीटर पळत जा.’ मार्केट यार्डातला हमाल, कारखान्यात पाळीवर उभा असणारा कामगार, वॉर्डात धावपळ करणारी परिचारिका, गवंड्याच्या हाताखालचा तरुण, शेतात राबणारी बाई, बंदोबस्तावरचा शिपाई, यांपैकी कुणी लांब पल्ल्याचं धावणं किंवा सायकल चालवणं मनावर घेतलं, की तो या दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडतो.

बरीच वर्षं मी संध्याकाळी मैदानावर अशा मंडळींकडून सराव करून घेतो आहे. माझं मत असं, की हे दोन्ही सल्ले घातक आहेत. पहिल्यामुळे माणूस धावायचाच थांबतो. दुसऱ्यामुळे काही आठवड्यांत त्याची नडगी किंवा कंबर धरते. कचेरीत काम करणाऱ्याचा पाय दुखावला तर त्याचं धावणं बुडतं. हमालाचा पाय दुखावला तर त्याची रोजी बुडते. म्हणून हा विषय नुसत्या हौसेचा राहत नाही.

सगळ्या विवेचनाचं सार आधीच सांगून टाकतो. काम असो वा सराव, दोन्हींचा खर्च शरीर एकाच खात्यातून करतं. पण दोन्हींपासून मिळणारा लाभ मात्र सारखा नसतो. हे एवढं नीट समजलं, की बाकीची गणितं सोपी होतात.

कष्टकरी माणूस आणि लांबची शर्यत यांचं नातं जुनं आहे. १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक भरलं, तेव्हा मॅरेथॉन जिंकली ती स्पिरिडॉन लुईस या तरुणाने. अथेन्सजवळच्या मारूसी गावचा हा मुलगा वडिलांबरोबर शहरात पाणी वाहून नेण्याचं काम करायचा. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी घरांतली माणसं अनवाणी धावली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तिथे हजर होते. या माणसांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या आहेत, हे त्यांनी हेरलं, आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ रवाना झाला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

अशा गोष्टी ऐकल्या, की वाटतं, कष्टांमुळेच माणूस मोठा धावपटू होत असावा. अलीकडच्या काळातही तशी नावं आहेत. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्यपदक आणि २०२३ साली आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक मिळवलं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जायचा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याने नौका वल्हवण्याच्या स्पर्धेत तो १३ वा आला. या दोघांच्या हकिकती आपण कौतुकाने वाचतो. पण त्यांतली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. दोघंही सैन्यात दाखल झाले, आणि तिथे त्यांना प्रशिक्षक, पोटभर सकस अन्न, उपचार आणि सरावासाठी मोकळा वेळ मिळाला. लहानपणीच्या कष्टांनी त्यांना चिवट केलं असेल. पण सराव अंगी लागला तो अंगमेहनतीतून सुटका झाल्यावर.

मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे, त्यांची अशी सुटका झालेली नाही. त्यांना उद्या सकाळी पुन्हा कामावर जायचं आहे.

आता कष्ट आणि सराव यांतला फरक पाहू. सरावाचं सूत्र तीन शब्दांचं आहे : ताण, विश्रांती, भरपाई. आपण शरीराला सवयीपेक्षा थोडा जास्त ताण देतो, मग त्याला मोकळं सोडतो, आणि त्या मोकळ्या वेळात शरीर झालेली झीज भरून काढून वर थोडी शिल्लक टाकतं. ही शिल्लक म्हणजेच वाढलेला दम. अंगमेहनतीच्या कामात ताण असतो, पण बाकीच्या दोन गोष्टी नसतात. ताणही असा, की हृदयाची कुवत वाढवण्याइतका तीव्र नसतो आणि विसावा मिळण्याइतका थोडका नसतो. पाठीवर पोतं धरलेलं असतं तेव्हा स्नायू आवळलेले राहतात, त्यांतून रक्त मोकळेपणी वाहत नाही आणि रक्तदाब चढतो. नाडी तासन्‌तास चढीच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थोडक्यात, काम शरीराला वापरतं; घडवतंच असं नाही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कोपनहेगन परिसरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीवरून २०२१ साली एक निष्कर्ष मांडला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी दिसला, तर कामावर अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसला. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत वाद आहे, कारण कष्टाची कामं करणाऱ्यांची मिळकत, घरं, व्यसनं, आजार यांचाही त्यात हात असू शकतो. तरीही ‘काम हाच व्यायाम’ या समजुतीवर विसंबून राहू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग राबणाऱ्या माणसाने धावावंच का? कामाच्या शास्त्रात एक ठोकताळा आहे. आठ तासांच्या पाळीत माणसाने आपल्या कमाल कुवतीच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त सरासरीने राबू नये; त्यापुढे थकवा साठत जातो. समजा, एका माणसाची कमाल कुवत ३६ मात्रा आहे आणि त्याच्या कामाला सरासरी १२ मात्रा लागतात. म्हणजे तो बरोबर सीमेवर आहे. शिस्तीच्या सरावाने त्याची कुवत ४२ झाली, तर त्याच १२ मात्रा आता २९ टक्क्यांच्या आत येतात. पोतं तेवढंच, जिना तेवढाच, पण शरीराला पडणारं ओझं कमी. संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांशी बोलायला त्राण उरतं. राबणाऱ्या माणसाच्या सरावाचं खरं फळ हे आहे. पदक मिळालं तर ते वरचं.

मात्र हे फळ सराव बेताने केला तरच मिळतं. तो बेत कसा ठरवायचा? अमेरिकेतले क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली एक सोपी रीत आहे. सराव संपल्यावर, तो किती जड गेला याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. चाळीस मिनिटं आरामात धावलात आणि ते तीन आकड्याइतकं जड वाटलं, तर १२० गुण. चाळीस मिनिटं जोरात धावलात आणि सातचा जडपणा वाटला, तर २८० गुण. मी माझ्या मंडळींना हाच हिशेब कामालाही लावायला सांगतो. पाळीत प्रत्यक्ष सहा तास, म्हणजे ३६० मिनिटं हालचाल झाली आणि जडपणा चार वाटला, तर दिवसाचे १४४० गुण होतात.

हा काही सोनाराचा काटा नव्हे, अंदाज आहे. कामाचा गुण आणि धावण्याचा गुण तंतोतंत सारखे नसतात. पण कागदावर मांडल्यावर जे दिसतं ते बोलकं आहे. कांद्याची आवक वाढली, किंवा सोबतचे दोघं रजेवर गेले, आणि कामाचा जडपणा चारवरून पाचवर गेला, की दिवसाला ३६० गुण वाढतात. आठवड्यातल्या सगळ्यात कठीण सरावापेक्षाही ही वाढ मोठी! माणूस मात्र म्हणतो, ‘माझा सराव तर तोच आहे, मग या आठवड्यात पाय का भरून आले?’ उत्तर सरावाच्या वहीत सापडत नाही, कारण ते कामाच्या वहीत असतं. म्हणून वही एकच ठेवावी. काम, धावणं, झोप, तिन्ही एका ओळीत लिहावं. काम वाढलं की सराव कमी, हा पहिला नियम. काम हलकं झालं म्हणून सराव एकदम दुप्पट करायचा नाही, हा दुसरा.

आता सरावाच्या स्वरूपाविषयी. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे लांब पल्ल्याच्या धावण्याचे मोठे गुरू. ते स्वतः बुटांच्या कारखान्यात काम करत आणि पहाटे घरोघर दूध पोचवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी पीटर स्नेल आणि मरे हॉलबर्ग यांनी १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकं मिळवली, तर बॅरी मॅगी याने मॅरेथॉनचं कांस्य. लिडियार्ड आठवड्याला शंभर मैल धाववत, हे ऐकून कुणी भारावून जाऊ नये. त्यांचा आकडा घेऊ नका, तत्त्व घ्या. तत्त्व असं, की आधी पुष्कळ काळ बेताच्या वेगाने धावून पाया भरायचा आणि मग थोडा वेग चढवायचा. पुढे नामांकित खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास झाला, तेव्हाही हेच दिसलं, की त्यांचा साधारण ८० टक्के सराव सौम्य असतो.

सौम्य म्हणजे किती? वारी पाहा. आळंदी ते पंढरपूर हे साधारण २५० किलोमीटरचं अंतर पेरणी उरकून आलेली माणसं पायी कापतात, त्यांत साठी-सत्तरीचे लोक असतात. ते कसं जमतं? चाल अशी, की मुखाने अभंग चालू राहतो. मध्ये विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले. धावतानाही शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, तोच तुमचा सौम्य वेग. धाप लागून वाक्य तुटायला लागलं, की वेग कमी करा, वाटल्यास चाला. दिवसभर राबून आलेल्या माणसाचा हा वेग घड्याळात फार कमी दिसतो. दिसू द्या. त्या दिवशी घड्याळ घरी ठेवलं तरी चालेल.

राबणाऱ्या माणसाला आठवड्यात चार दिवस धावणं पुरतं. दोन दिवस तीस ते चाळीस मिनिटं सौम्य. एक दिवस थोडा वेग : आधी पंधरा मिनिटं सावकाश, मग दोन-दोन मिनिटांचे पाच-सहा जोरकस तुकडे, मध्ये तेवढीच चाल. आणि एक दिवस लांबचं धावणं, एका तासापासून सुरू करून महिन्या-दोन महिन्यांत दीड-दोन तासांपर्यंत. काम फार असेल त्या आठवड्यात वेगाचा दिवस आधी गाळा, मग सौम्य दिवसांतला एक. लांबचं धावणंही त्या आठवड्यात निम्मं करायला हरकत नाही. चार-पाच दिवसांनी दम कुठे पळून जात नाही.

लांबचं धावणं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर उरका. पण दुपारी भरपूर जेवून झोपा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त काम करा, धावू नका. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी तीस किलोमीटर, असा क्रम लावला, तर शरीराला वर्षभरात एकही सुट्टी मिळत नाही.

कामाआधी धावावं की कामानंतर? सौम्य धावणं कामाआधी चालतं. हवा थंड असते, पाय ताजे असतात. पण वेगाचा सराव जड ओझी उचलण्याच्या आधी कधीही करू नये. थकलेले पाय पाठीवर पोतं असताना फळीवर किंवा जिन्यावर अडखळतात. ही सूचना मी सगळ्यात कडकपणे पाळायला लावतो. कामानंतर धावायचं असेल, तर आधी काहीतरी खावं, पाणी प्यावं आणि तासभर जाऊ द्यावा.

कारखान्यातल्या पाळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पाळी बदलली की झोप बदलते, आणि झीज भरून येण्याचं काम मुख्यतः झोपेत होतं. म्हणून रातपाळीच्या आठवड्यात फक्त सौम्य धावणं. रातपाळी सुटल्यावर त्याच पावली मैदानावर जायचं नाही. आधी घरी जाऊन, खोलीत अंधार करून झोपायचं, आणि संध्याकाळी कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास धावायचं. चोवीस तासांत, दोन तुकड्यांत का होईना, सात-आठ तास झोप झाली पाहिजे. झोप कापून सराव करणं म्हणजे बियाणं विकून खत आणण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर घट्ट व्हायला महिने लागतात. कष्टकऱ्यांमध्ये दम आणि सहनशक्ती आधीच बरी असते, त्यामुळे ते लवकर लांब धावू शकतात, आणि तिथेच फसतात. दम म्हणतो ‘चल’, नडगीचं हाड म्हणतं ‘थांब’. ऐकायचं हाडाचं. एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं हाडाचं दुखणं, जे पाऊल टाकताच कळतं आणि दिवसेंदिवस वाढतं, ते धावून जिरत नाही. तिथे हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवावं.

वेदनाशामक गोळी खाऊन धावण्याची सवय मात्र फार वाईट. अंगदुखीवरच्या नेहमीच्या गोळ्या, घामाने आटलेलं शरीर आणि लांबचं धावणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. भूक मारायला तंबाखूची गोळी तोंडात ठेवणं हाही सरावाचा शत्रूच. त्याने नाडी चढते आणि पोट रिकामं राहतं.

पोटाचाच विषय निघाला, तर तोही हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी लागतात, तर जड कामासाठी सुमारे ३४७०. त्यावर धावण्याचा खर्च साधारण दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी. म्हणजे साठ किलोचा माणूस दहा किलोमीटर धावला, की सहाशे किलोकॅलरी. हे झालं ज्वारीच्या अडीच-तीन भाकरींइतकं. या भाकरी ताटात वाढल्या नाहीत, तर शरीर त्या स्नायूंतून वसूल करतं. वजन घटतंय म्हणून सुरुवातीला कौतुक होतं, मग काही महिन्यांनी माणूस सारखा आजारी पडू लागतो.

यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. धावण्याआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे. धावून आल्यावर तासाभरात भाकरी किंवा पोळी, बरोबर मटकीची उसळ, डाळ, दूध, परवडत असेल तर अंडी. दुपारच्या डब्यात एक जास्तीची भाकरी. स्नायूंत साठलेली साखर संपली, की ती पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून लांब धावण्याच्या आदल्या रात्री आणि त्यानंतर दिवसभर हात आखडू नये.

बायकांच्या बाबतीत दोन गोष्टी अधिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. रक्त कमी असताना सराव वाढवला, तर दम वाढायच्या ऐवजी धाप वाढते. म्हणून सुरुवातीलाच हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, पालेभाजीवर लिंबू पिळावं, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. दुसरी गोष्ट घरकामाची. मैदानावर येणारी एक परिचारिका मला म्हणाली, ‘सर, बारा तास वॉर्डात उभी असते, घरी गेले की स्वयंपाक, धुणं आहेच. वहीत ते कुठे लिहू?’ मी म्हटलं, ‘ताई, कामाच्याच रकान्यात लिहा.’ तिने लिहिलं. तो रकाना घरच्यांना दाखवला. मग सुट्टीच्या दिवशी सकाळचा स्वयंपाक तिच्या नवऱ्याने आणि सासूबाईंनी वाटून घेतला, आणि तिला लांब धावायला दोन तास मिळाले. सरावाचं नियोजन कधी कधी स्वयंपाकघरातून सुरू होतं.

आपल्या हवेत ऊन हा मोठा धोका. उन्हात काम करणाऱ्यांना उन्हाची सवय असते, हे खरं. उन्हाला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. पण दिवसभर घाम गाळून शरीर आटलेलं असताना संध्याकाळी जोर लावला, तर ती सवयही वाचवत नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार कोसळले आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. भरतीची तयारी करणारी कितीतरी मुलं दिवसा मजुरी करतात, म्हणून हे इथे मुद्दाम सांगतो. लघवीचा रंग गडद असेल तर त्या दिवशी जोराचा सराव नाही. पाण्याबरोबर मीठही जातं, तेव्हा ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पेज यांचा आधार घ्यावा. नुसतं पाणी ढोसत राहणंही लांबच्या शर्यतीत धोक्याचं ठरतं. धावताना कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेलं लागलं, तर वाहनाची वाट बघत बसू नका. सावलीत घेऊन, कपडे सैल करून, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता आणि त्याच वेळी रुग्णालयात नेण्याची सोय करा. कठोर मेहनतीनंतर लघवी काळपट तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

थकवा साठतो आहे हे ओळखायची खूण घरातच असते. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी सलग दोन-तीन दिवस जास्त येत असेल, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, उगाच चिडचिड होत असेल, तर तीन दिवस सराव बंद. सुट्टी मागायला मालकाकडे जावं लागतं. सरावाची सुट्टी मात्र आपली आपल्याला घेता येते.

शर्यतही आपल्या कामाचं पंचांग पाहून निवडावी. ज्याचा ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो, त्याने जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा हट्ट धरू नये. ज्याची पेरणी जूनमध्ये आहे, त्याने पावसाळ्याच्या तोंडावर लांब पल्ला वाढवू नये. यार्डातल्या हमालाने आपल्या मालाच्या आवकेचे महिने वहीत लाल शाईने रंगवावेत आणि उरलेल्या महिन्यांत शर्यत शोधावी. सगळ्या शर्यती दरवर्षी होतात. आपण पुढच्या वर्षी धावू.

हे सगळं एकट्या कामगाराच्या शिस्तीवर सोडून देणंही बरोबर नाही. हमालांच्या पाठीवर एकेकाळी शंभर किलोची पोती असत. पोत्याचं वजन ५० किलोवर यावं म्हणून हमालांच्या संघटनांना दीर्घ काळ झगडावं लागलं. त्या लढ्याने जेवढ्या पाठी वाचवल्या, तेवढ्या कुठल्याही व्यायामाने वाचल्या नसत्या. पाळीत दोन ठरलेले विसावे, सावली, पिण्याचं थंड पाणी, ओझ्यासाठी हातगाडी, या गोष्टी मिळाल्या तर सरावालाही बळ उरतं. शर्यती भरवणाऱ्यांनीही विचार करावा. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांनी जी परंपरा आपल्याकडे सुरू झाली, त्या परंपरेतल्या शर्यतीचं प्रवेशशुल्क मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढं असू नये. काही जागा तरी अंगमेहनत करणाऱ्यांसाठी सवलतीत ठेवता येतील.

शेवटी, आपला सराव बरोबर चालला आहे की नाही, याची एक साधी कसोटी सांगतो. आठ-दहा आठवडे सराव झाल्यावर पाळीचा शेवटचा तास कसा जातो, ते पाहा. जिना चढताना पूर्वीइतकं थांबावं लागत नाही, पाठ पूर्वीइतकी भरून येत नाही, घरी पोचल्यावर लगेच आडवं व्हावंसं वाटत नाही, असं असेल तर सराव चांगला चालला आहे. शर्यतीत तुमचा क्रमांक दोनशेवा आला तरी हरकत नाही. उलट, शर्यतीच्या वेळा सुधारताहेत पण कामाचा शेवटचा तास जड होत चालला आहे, असं दिसलं तर सराव कमी करा. ज्या शरीरावर घर चालतं, ते शरीर धावण्याने हलकं झालं पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)